सत्त्याण्णव टक्के रंग गेला, पण पाणी किती सुधारलं?

फेब्रुवारीच्या शेवटी माझी एम.एस्सी.ची एक विद्यार्थिनी दोन क्युवेट, म्हणजे मोजणीच्या छोट्या पारदर्शक नळ्या, घेऊन माझ्या टेबलाशी आली. एकात मिथिलीन ब्लू या रंगाचं गर्द निळं पाणी, दुसऱ्यात जवळपास नितळ. "मॅडम, सत्त्याण्णव टक्के! तेही साध्या एलईडीखाली, नव्वद मिनिटांत." तीन महिने खपून तिने टायटॅनियम डायऑक्साइडमध्ये नायट्रोजन मिसळलेली फिकट पिवळी पूड तयार केली होती. पाण्याने किती उजेड गिळला हे मोजणाऱ्या स्पेक्ट्रोफोटोमीटरवर ६६४ नॅनोमीटरला सुरुवातीचं रीडिंग १.९८ होतं, शेवटचं ०.०६. भागाकार मी स्वतः तपासला, तो बरोबर होता. पोस्टरवर मार्गदर्शक म्हणून मी सही केली.

पोस्टर कॉलेजच्या प्रदर्शनात लागलं आणि तिथे तिच्या वडिलांचे एक स्नेही आले. पुण्याजवळच्या मांजरी गावाच्या बाजूला त्यांचा कापड रंगवण्याचा छोटा व्यवसाय आहे. सुती ओढण्या, टी-शर्ट, चार कामगार आणि रोजचं साधारण पाचशे लिटर रंगीत पाणी. मुळा-मुठा तिथून फार लांब नाही आणि आपलं पाणी शेवटी कुठे जातं हे त्यांना ठाऊक आहे. त्यांनी पोस्टर नीट वाचलं आणि एकच प्रश्न विचारला. "हजार लिटरला किती युनिट जळतील?"

ती माझ्याकडे बघायला लागली आणि मी पोस्टरकडे. उत्तर पोस्टरवर नव्हतं. सत्त्याण्णव टक्के या आकड्यातून ते काढताही येत नव्हतं, कारण त्या आकड्यात दिवा किती वॅटचा, त्यातला किती उजेड पाण्यात शिरला, भांडं केवढं, यातलं काहीच नव्हतं. पुढचे दोन महिने आम्ही तो प्रयोग पहिल्यापासून पुन्हा केला. प्रकाशावर चालणाऱ्या कॅटॅलिस्टचं, म्हणजे उत्प्रेरकाचं, काम मोजताना कुठे कुठे फसगत होते हे त्यात एकेक करून समोर आलं. अशी पोस्टरं दरवर्षी शेकड्यांनी होतात, म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

पुडीचं काम काय

टायटॅनियम डायऑक्साइडवर पुरेशा ऊर्जेचा प्रकाश पडला की आतला इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवर जातो आणि मागे रिकामी जागा राहते. इलेक्ट्रॉन पाण्यातल्या ऑक्सिजनला मिळतो. रिकामी जागा पृष्ठभागावरच्या पाण्यापासून हायड्रॉक्सिल रॅडिकल हा अतिशय क्रियाशील तुकडा बनवते आणि हे रॅडिकल समोर येईल तो सेंद्रिय रेणू फोडत सुटतं. १९७२ मध्ये फुजिशिमा आणि होंडा यांनी याच पदार्थावर प्रकाश टाकून पाण्याचं विघटन दाखवलं. १९७७ मध्ये फ्रँक आणि बार्ड यांनी पाण्यातलं सायनाइड अशाच पद्धतीने नष्ट करून दाखवलं आणि पाणी शुद्ध करण्याची वाट उघडली.

अडचण प्रकाशाची आहे. टायटॅनियम डायऑक्साइडच्या ॲनाटेज या रूपाला ३.२ इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा लागते, म्हणजे साधारण ३८८ नॅनोमीटरच्या आतला अतिनील प्रकाश. उन्हात तो चार-पाच टक्के असतो आणि पांढऱ्या एलईडीत जवळजवळ नसतोच. म्हणून लोक त्यात नायट्रोजन वगैरे मिसळून दृश्य प्रकाश शोषणारी पूड बनवू पाहतात. माझ्या विद्यार्थिनीचा दावा तोच होता आणि तिची पूड पिवळी होती, म्हणजे ती निळा-जांभळा उजेड खरोखरच शोषत होती. पण शोषलेल्या उजेडाचं काम होतं की तो नुसता उष्णता होऊन जातो, हे पुडीच्या रंगावरून कळत नाही.

निळा गाळ

पहिली चूक दहा मिनिटांत सापडली. सुरुवातीचं रीडिंग तिने बाटलीतल्या द्रावणाचं घेतलं होतं, पूड टाकण्याच्या आधीचं. आम्ही १०० मिलिलिटर द्रावणात १०० मिलिग्रॅम पूड टाकली, बीकर ॲल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळला आणि अर्धा तास अंधारात ढवळत ठेवला. मग नमुना सेंट्रिफ्यूज करून, म्हणजे गरगर फिरवून पूड तळाशी बसवून, मोजला. दिवा लागायच्या आधीच ३४ टक्के रंग गेला होता.

नळी उलटी करून तिने मला तळ दाखवला. गाळ निळा होता. एक तृतीयांश रंग फुटला नव्हता, पुडीला चिकटून बसला होता. पाण्यातून गेला हे खरं, पण त्याचं काहीच बिघडलं नव्हतं. अल्कोहोल घालून हलवल्यावर त्यातला बराचसा परत सुटला.

हेच लक्षात ठेवून तिची जुनी पद्धत पाहिली. तेव्हा ती सिरिंज फिल्टरने गाळून रीडिंग घेत असे. नुसतं रंगाचं पाणी, पूड न टाकता, त्याच फिल्टरमधून काढलं तर पांढरी चकती निळी झाली आणि रीडिंग उतरलं. मिथिलीन ब्लू धनभारित आहे, तो काचेला, कागदाला, पडद्याला, कशालाही चिकटतो. त्या दिवसापासून गाळणं बंद करून प्रत्येक नमुना सेंट्रिफ्यूजमध्ये टाकला.

दुसरी बारीक गोष्ट उपकरणाची. रीडिंग, म्हणजे ॲबसॉर्बन्स, २ असेल तर शंभरातला एकच भाग प्रकाश पलीकडे पोचतो. आमच्या साध्या मशीनमध्ये तितका उजेड इकडून तिकडून झिरपतच असतो. १.९८ ला विश्वासाचं रीडिंग म्हणता येत नाही. तितकंच साधं पाणी मिसळून मोजलं आणि दोनाने गुणलं तेव्हाच आकडे स्थिर झाले.

मग पूड न टाकता फक्त दिवा. नव्वद मिनिटांत ९ टक्के रंग आपोआप विटला.

सकाळी परत आलेला रंग

या टप्प्यावरची एक गोष्ट मला अजून डोळ्यांपुढे दिसते. दिव्याच्या उष्णतेने पाणी उडून जातं म्हणून ती बीकरवर प्लॅस्टिक फिल्म ताणून लावत असे आणि ढवळणंही मंद ठेवत असे. तशाच एका प्रयोगातला शेवटचा नमुना संध्याकाळी पूर्ण नितळ होता, रीडिंग ०.०३. नळ्या धुवायच्या राहिल्या. सकाळी लॅबमधल्या मामांनी स्टँड खिडकीत सरकवला आणि हाक मारली, "मॅडम, कालच्या पाण्यात रंग उतरलाय." नळीच्या तोंडाशी, जिथे हवा लागते तिथे, आकाशी छटा होती आणि खाली फिकट होत गेली होती. हलवल्यावर सगळी नळी आकाशी झाली. रीडिंग ०.२१.

मिथिलीन ब्लूला इलेक्ट्रॉन मिळाले की तो रंगहीन रूपात जातो. रेणूचा सांगाडा तसाच राहतो, फक्त रंग झाकला जातो. हवेतला ऑक्सिजन लागला की निळा परत. शाळेत ग्लुकोज आणि कॉस्टिक सोड्याच्या बाटलीत हाच खेळ दाखवतात. पाण्यात ऑक्सिजन कमी पडला की कॅटॅलिस्टचा इलेक्ट्रॉन ऑक्सिजनऐवजी रंगाच्या रेणूला मिळतो आणि आपल्याला वाटतं प्रदूषण संपलं.

ऑक्सिजन कमी का पडावा, हा हिशोब आम्ही फळ्यावर मांडला. मिथिलीन ब्लूचा एक रेणू पुरता जाळून कार्बन डायऑक्साइड, पाणी, नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्ल करायचं तर ऑक्सिजनचे साडेपंचवीस रेणू लागतात. लिटरला १० मिलिग्रॅम रंग म्हणजे सुमारे ३१ मायक्रोमोल (मोल हे रेणूंची संख्या मोजायचं एकक). त्याला लागणारा ऑक्सिजन लिटरला जवळपास २५ मिलिग्रॅम. आणि पुण्याच्या उंचीवर, उन्हाळ्यातल्या पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन जास्तीत जास्त सात-साडेसात मिलिग्रॅम. फिल्म लावलेल्या बीकरमध्ये रंग पुरता जळणं शक्यच नव्हतं, कॅटॅलिस्ट कितीही चांगला असो. फिल्म काढून, जोरात ढवळून, मत्स्यालयाच्या छोट्या पंपाने हवा सोडत प्रयोग केल्यावर सकाळचा निळा परतायचा थांबला. पाणी किती उडालं ते बीकरचं वजन करून भरून काढलं.

पांढरी पूडसुद्धा चालते?

एवढं सगळं सुधारून, अंधारानंतरच्या रीडिंगपासून मोजल्यावर, एलईडीखाली नव्वद मिनिटांत ६१ टक्के रंग गेला. ती म्हणाली, "म्हणजे कॅटॅलिस्ट चालतोय ना मॅडम?" मला वाटलं चालतोय, पण एक चाचणी राहिली होती.

बाजारात पी-२५ नावाची टायटॅनियम डायऑक्साइडची पूड मिळते. सुमारे ऐंशी टक्के ॲनाटेज, बाकी बहुतेक रुटाइल हे दुसरं रूप, ग्रॅमला सुमारे ५० चौरस मीटर पृष्ठभाग. जगभर तुलनेसाठी तीच वापरतात. ती पांढरीशुभ्र आहे, म्हणजे एलईडीचा दृश्य प्रकाश ती जवळजवळ शोषत नाही. तिच्याकडून इथे काम होण्याचं कारणच नव्हतं. तरी त्याच दिव्याखाली, त्याच बीकरमध्ये पी-२५ ने ५२ टक्के रंग घालवला.

उजेड शोषणारा होता तो रंगच. मिथिलीन ब्लू निळा दिसतो कारण तो तांबडा उजेड गिळतो. उजेड गिळलेला रेणू आपलाच इलेक्ट्रॉन टायटॅनियम डायऑक्साइडला देऊन टाकतो आणि स्वतः मोडतो. पूड इथे इलेक्ट्रॉन ठेवायची जागा असते, एवढंच. ज्या पाण्यात रंग नाही, समजा औषधाचे किंवा कीटकनाशकाचे अंश आहेत, तिथे हा मार्ग बंद. म्हणजे आमचा प्रयोग कॅटॅलिस्टची परीक्षा घेत नव्हता, रंगाची घेत होता. दृश्य प्रकाशावर चालणाऱ्या कॅटॅलिस्टचा दावा रंगावर तपासू नये, हे या क्षेत्रातले जाणकार कित्येक वर्षं सांगत आले आहेत. मी ते वाचलं होतं. तरीही सही करताना आठवलं नाही.

वर्णपट पूर्ण काढला तेव्हा आणखी एक दिसलं. रंग उतरताना ६६४ चं शिखर जागेवर राहत नाही, ते हळूहळू ६५० कडे सरकतं. रेणूला लटकलेले मिथिल गट एकेक करून गळतात आणि अझूर नावाचे भाऊबंद रंग तयार होतात. तेही निळेच. एकाच ठिकाणी, ६६४ ला डोळा लावून बसलं तर हे सरकणंही विघटन म्हणून जमा होतं.

मग एकूण सेंद्रिय कार्बन मोजून आणला. दुसऱ्या एका प्रयोगशाळेने तीन नमुने करून दिले. १० मिलिग्रॅम मिथिलीन ब्लूमध्ये ६ मिलिग्रॅम कार्बन असतो, आमचा सुरुवातीचा आला ५.९. अंधारानंतर ४.०. नव्वद मिनिटांच्या उजेडानंतर ३.४. म्हणजे रंग ६१ टक्के गेला तेव्हा पाण्यातला कार्बन १५ टक्केच गेला होता, बाकीचा बिनरंगाच्या तुकड्यांच्या रूपात पाण्यातच होता. ते तुकडे मूळ रंगापेक्षा बरे की वाईट, हे रंग बघून सांगता येणार नाही.

ती दोन दिवस लॅबला आली नाही. तिसऱ्या दिवशी आली ती फिनॉलची बाटली काढूनच.

उजेड मोजणं

फिनॉल बिनरंगी आहे, दृश्य प्रकाश शोषत नाही, पुडीला फारसा चिकटतही नाही. तो मोडताना तयार होणारे मधले पदार्थ, हायड्रोक्विनोन आणि बेंझोक्विनोन, त्याच्या जवळपासचाच अतिनील शोषतात, म्हणून साध्या स्पेक्ट्रोफोटोमीटरवर भागत नाही, पदार्थ वेगवेगळे करून मोजणारा एचपीएलसी लागतो. पांढऱ्या एलईडीखाली तिच्या पुडीने तीन तासांत फिनॉल हलवला नाही. फरक दोन टक्क्यांच्या आत, म्हणजे मोजणीच्या चुकीइतकाच. दृश्य प्रकाशाचा दावा तिथे संपला.

मग ३६५ नॅनोमीटरचा अतिनील एलईडी आणला आणि खरा प्रश्न हाती घेतला: दिव्यातून निघालेल्या किती फोटॉनमागे, म्हणजे प्रकाशकणांमागे, किती रेणू मोडतात? अंशस्थानी रेणू, छेदस्थानी फोटॉन. कार्यक्षमता म्हणजे हीच. पुडीने प्रत्यक्ष शोषलेले फोटॉन छेदात घेतले तर ती खरी क्वांटम कार्यक्षमता होते. पण गढूळ द्रावणात काही उजेड विखरून बाहेर जातो, त्यामुळे शोषलेले वेगळे काढणं फार अवघड. म्हणून बीकरमध्ये शिरलेले सगळे फोटॉन धरायचे आणि आकडा तसा सांगायचा. तो थोडा कमी येतो, पण प्रामाणिक असतो.

दिव्याच्या खोक्यावर लिहिलेले वॅट इथे उपयोगाचे नाहीत. ते विजेचे असतात, उजेडाचे नसतात. उजेड मोजायला आम्ही फेरीऑक्झलेट हा लोहाचा क्षार वापरला. पोपटी हिरवे स्फटिक, साध्या उजेडातही हळूहळू बिघडणारे. म्हणून लॅबचे पडदे ओढून, फोटोग्राफीच्या जुन्या लाल दिव्यात काम केलं. १०० मिलिलिटर द्रावण त्याच बीकरमध्ये, दिव्यापासून त्याच अंतरावर ठेवलं आणि बरोबर ६० सेकंद अतिनील दिला. उजेड पडला की फेरिक लोहाचं फेरस होतं, दर फोटॉनमागे साधारण १.२ अणू. मग त्यातलं १ मिलिलिटर काढून २५ मिलिलिटरच्या फ्लास्कमध्ये फेरसशी तांबडा रंग देणारं फिनँथ्रोलिन घातलं. लाल दिव्यात काहीच कळत नव्हतं. पडदा सरकवला तेव्हा फ्लास्क नारिंगी-तांबडा होता. ५१० नॅनोमीटरला रीडिंग ०.४८.

उलटा हिशोब केल्यावर फेरस सेकंदाला १.८ मायक्रोमोल, म्हणून फोटॉन सेकंदाला १.५ मायक्रोमोल. ३६५ नॅनोमीटरच्या उजेडाचा एक वॅट म्हणजे सेकंदाला ३.०५ मायक्रोमोल फोटॉन, तेव्हा आमच्या बीकरमध्ये अर्धा वॅट उजेड शिरत होता. भिंतीतल्या प्लगवर मीटर लावून पाहिलं तर दिवा अडॅप्टरसकट १२ वॅट ओढत होता. साडेअकरा वॅट पाण्यापर्यंत पोचतच नव्हते.

फिनॉल लिटरला २० मिलिग्रॅम, म्हणजे १०० मिलिलिटरमध्ये सुमारे २१ मायक्रोमोल. पहिल्या दहा मिनिटांत तिच्या पुडीने ३.३ मायक्रोमोल मोडले. त्याच वेळात ९०० मायक्रोमोल फोटॉन शिरले. कार्यक्षमता ०.३७ टक्का, हजार फोटॉनमागे साडेतीन-चार रेणू. पी-२५ चा आकडा ०.७४. पहिली दहाच मिनिटं का, तर पुढे मधले पदार्थ जमतात, तेही रॅडिकल खातात आणि आकडा खाली ओढतात. प्रत्येक आकडा तीन वेळा काढला. पुडीची दुसरी खेप केली तर तिची कार्यक्षमता पहिलीपेक्षा वेगळी आली, तेही वहीत लिहिलं.

हा आकडा दुसऱ्याच्या आकड्याशी तोलता येतो, निदान जवळपास. मिनिटाला किती टक्के किंवा ग्रॅममागे किती वेग, हे तसं तोलता येत नाही. पूड दुप्पट केली म्हणून काम दुप्पट होत नाही, कारण पुढचे कण मागच्यांवर सावली धरतात. दिवा दुप्पट केला तरी नाही. उजेड जास्त झाला की इलेक्ट्रॉन आणि रिकामी जागा एकमेकांनाच भेटून विझतात आणि वेग उजेडाच्या वर्गमुळाच्या चालीने वाढू लागतो. मंद उजेडात कार्यक्षमता चांगली दिसते, प्रखरात वाईट. म्हणून कार्यक्षमतेशेजारी उजेड किती होता हे लिहिलं नसेल तर ती अर्धीच.

काकांचं उत्तर

हजार लिटरमधलं प्रदूषण दहापटीने कमी करायला किती युनिट लागतात, हे माप आयुपॅक या रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २००१ मध्ये ठरवून दिलं आहे. प्रदर्शनात आलेल्या त्या कापड रंगवणाऱ्या काकांनी विचारलेला प्रश्न नेमका तोच होता, त्यांनी तो कुठे वाचलेला नसताना. आमच्या बीकरमध्ये फिनॉल नव्वद टक्के जायला १३५ मिनिटं लागली. १२ वॅट, सव्वादोन तास, ०.०२७ युनिट, तेही १०० मिलिलिटरला. हजार लिटरला २७० युनिट. पी-२५ ने तासाभरात काम केलं, तिचे १२०. ओझोन किंवा अतिनील आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांच्या जोडीला हेच माप पुष्कळदा एक युनिटच्या आसपास किंवा खाली असतं. दिव्यावर चालवलेलं प्रकाश-उत्प्रेरण बहुतेक वेळा शंभराच्या वरच राहतं, म्हणजे आमचा आकडा वाईट असला तरी वेगळा नव्हता.

पाचशे लिटरला १३५ युनिट. युनिटला दहा रुपये धरले तर रोजचे १३५० रुपये. आणि हे ऊर्ध्वपातित पाण्यात, एकट्या फिनॉलवर.

काकांच्या टाकीत ऊर्ध्वपातित पाणी नसतं. सुती कापडावर रिॲक्टिव्ह रंग बसवायला मीठ आणि वॉशिंग सोडा लागतो. लिटरला १० ग्रॅम सोडा म्हणजे ९४ मिलिमोल कार्बोनेट. हायड्रॉक्सिल रॅडिकलला फिनॉल जास्त आवडतो, पण कार्बोनेट इतकं जास्त असतं की वेगांचा गुणाकार केला तर आमच्या फिनॉलपेक्षा साधारण पंचवीसपट रॅडिकल कार्बोनेटच पकडतं. वर बोअरचं पाणी, दख्खनच्या काळ्या दगडातून आलेलं, जड. त्यात पूड टाकून पाहिली तर कण गुठळ्या होऊन अर्ध्या तासात तळाशी बसले आणि फिनॉलचा वेग एक तृतीयांशावर आला.

मी काकांना हे सगळं फोनवर सांगितलं. आकडे ऐकून ते गप्प झाले, मग म्हणाले, "दिव्याचं सोडा मॅडम. गच्ची आहे ना माझ्याकडे. ऊन तर फुकट."

ऊन फुकट आहे, पण जागा फुकट नाही, म्हणून तोही हिशोब केला. दुपारच्या उन्हात चौरस मीटरला ४० वॅट अतिनील धरला तर सेकंदाला १२० मायक्रोमोल फोटॉन. ०.३७ टक्क्याने चौरस मीटरला सेकंदाला सुमारे ०.४५ मायक्रोमोल फिनॉल. रोज पाच तास कडक ऊन मिळालं तर चौरस मीटरला ८ मिलिमोल. पाचशे लिटरमध्ये १०६ मिलिमोल असतो आणि शेवटचा भाग सावकाश जातो. एका दिवसात नव्वद टक्के काढायला साधारण ३० चौरस मीटर, म्हणजे सव्वातीनशे चौरस फूट उथळ ट्रे. काकांची गच्ची सहाशे चौरस फूट आहे.

ही संख्या पाहून मी खुर्चीत सरळ बसले, कारण ती अशक्य नव्हती. सोडा नसेल तर. आणि काकांच्या कामात सोडा सगळ्या पाण्यात सारखा नसतो. पहिलं पाणी गर्द, खारट, सोड्याने भरलेलं. त्यात उजेड एखाद-दोन मिलिमीटरच्या खाली जातच नाही, ते वेगळंच ठेवायला हवं. पण कापड तीन-चार वेळा खळबळलं जातं आणि शेवटच्या दोन पाण्यांत थोडाच रंग आणि थोडाच सोडा उरतो. जड पाण्यात पूड गुठळ्या होऊन बसते हा लॅबमधला दोष इथे उपयोगी पडू शकतो, कारण संध्याकाळी पूड तळाशी बसली की वरचं पाणी ओतून घेता येईल. लिटरला एक ग्रॅम या हिशोबाने ती अर्धा किलो होते, रोज फेकून परवडणार नाही.

पोस्टर आम्ही काढून घेतलं. प्रबंधात सत्त्याण्णव टक्के हा आकडा तिने गाळला नाही, तक्त्याच्या पहिल्या ओळीत ठेवला. त्याखाली ओळीने: अंधारात चिकटलेला रंग, दिव्याने आपोआप विटलेला, सकाळी परत आलेला, पी-२५ चा, कार्बनचा, आणि शेवटी ०.३७ टक्का व २७० युनिट. मी म्हटलं, "अगं, पहिली ओळ नसली तरी चालेल." ती म्हणाली, "नाही मॅडम, पुढच्या वर्षीच्या कुणाला तरी तीच मिळणार आहे."

सध्या मे महिना आहे. काकांच्या गच्चीवर स्टीलचे तीन ट्रे आहेत, प्रत्येकात चार सेंटिमीटर शेवटचं खळबळलेलं पाणी. एकात तिची पूड, एकात पी-२५, एकात काहीच नाही. चौथा तसाच ट्रे जिन्याखाली, अंधारात. फिनॉलची मापलेली मात्रा चारही ट्रेमध्ये आहे, रंगावर भिस्त ठेवलेली नाही. ती सकाळी अकराला अतिनील मीटर घेऊन जाते आणि दर अर्ध्या तासाने आकडा वहीत लिहिते. पाऊस यायच्या आत पंधरा दिवसांचं ऊन तिला हवं आहे.